ब्लँकमध्ये पुन्हा तोच पीक: अमिनो ॲसिड ॲनालायझरवरचे अमोनिया, सेरीन, ग्लायसीन येतात कुठून?

अमिनो आम्लांतल्या सूक्ष्म अशुद्धी मोजणाऱ्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये हा बिघाड वर्षातून तीन-चारदा तरी डोकं वर काढतो. आमच्याकडे मी तो इतक्या वेळा निस्तरला आहे, की आता रात्रपाळीतून फोन आला की पलीकडचा माणूस काय सांगणार हे आधीच कळतं. नमुना न टाकता केलेल्या रनमध्ये, म्हणजे ब्लँकमध्ये, पीक (आलेखावरचे उंचवटे) येतात. बॅच अडकते आणि दोष कच्च्या मालाचा की मशीनचा यावर वाद सुरू होतो. बहुतेक वेळा दोष दोन्हींचा नसतो.

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे यातलं नेमकं कोणतं दिसतंय ते ठरवूनच पुढे वाचा.

- क्रोमॅटोग्रामच्या (यंत्रानं काढलेल्या आलेखाच्या) शेवटच्या टप्प्यात, हिस्टिडीन-लायसीनच्या शेजारी, अमोनियाचा पीक. कधी टोकदार, कधी पसरट उंचवट्यासारखा.
- सेरीन आणि ग्लायसीनच्या जागी छोटे पीक, सोबत बहुधा ॲलनीन. एका ब्लँकमध्ये असतात, पुढच्यात नसतात.
- आधीच्या बॅचचं मुख्य अमिनो आम्ल पुढच्या ब्लँकमध्ये उतरलेलं.
- तीच व्हायल (नमुन्याची छोटी कुपी) चार तासांनी पुन्हा लावली की अशुद्धीचा आकडा वाढलेला.
- सगळेच पीक दिवसागणिक खुजे होत चाललेले आणि बेसलाइन (पीकांखालची मूळ रेषा) थरथरती.

शेवटचं लक्षण वेगळ्या आजाराचं आहे, पण लोक ते याच्यात मिसळतात, म्हणून शेवटी त्याच्याकडे येतो.

हे सगळं त्या ॲनालायझरबद्दल आहे ज्यात कॅटायन एक्स्चेंज कॉलमवर सायट्रेट बफरनं अमिनो आम्लं वेगळी होतात आणि कॉलमच्या पुढे गरम रिॲक्टरमध्ये निनहायड्रिन या अभिकर्मकाशी रंग धरतात. ही स्वयंचलित पद्धत स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतून मांडली. आजच्या यंत्रांतही गाभा तोच आहे: जांभळा रंग ५७० नॅनोमीटरवर मोजायचा, प्रोलीनसारख्यांचा पिवळा ४४० वर.

आधी एक हिशेब

हा हिशेब केल्याशिवाय बिघाड किती नाजूक आहे ते कळत नाही. आमचं नमुन्याचं द्रावण ५० मिलीत ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम प्रति मिली. अमोनियमची मर्यादा ०.०२ टक्के. ५० मायक्रोलिटर इंजेक्शनमध्ये ती येते फक्त ६ नॅनोग्रॅम. आता बफरकडे बघा. इंजेक्शनआधी कॉलम २० मिनिटं, मिनिटाला ०.४ मिलीच्या गतीनं स्थिरावत असेल, तर ८ मिली बफर त्यातून जातो. सुरुवातीचा बफर आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं अमोनियम कॉलमवर अडकून साठत राहतं आणि ग्रेडियंट (बफरचा ठरलेला बदलता क्रम) चढला की एकदम सुटतं. ८ मिलीत ६ नॅनोग्रॅम जमायला बफरमध्ये प्रति मिली ०.७५ नॅनोग्रॅम अमोनियम पुरेसं आहे. एक अब्जांशापेक्षाही कमी. इतका स्वच्छ सायट्रेट बफर बनवणं जवळपास अशक्य आहे. म्हणून ब्लँकमध्ये थोडा अमोनिया दिसणं हा बिघाड नव्हे. तो रोज बदलणं हा बिघाड.

इथूनच माझी पद्धत सुरू होते. पीक किती मोठा आहे हे नंतर. तो कशाबरोबर वाढतो हे आधी शोधायचं. स्थिरावण्याच्या वेळेबरोबर वाढला तर उगम बफरमध्ये. इंजेक्शनच्या आकारमानाबरोबर वाढला तर डायल्युएंटमध्ये (नमुना ज्यात विरघळवतो त्या द्रावणात) किंवा व्हायलमध्ये. आधी काय टाकलं होतं त्याबरोबर बदलला तर मागचा नमुना मागे राहिलाय. व्हायल किती वेळ ट्रेवर होती त्याबरोबर वाढला तर नमुनाच बदलतोय. आणि कशाशीच मेळ बसत नसेल तर माणसांचे हात.

फुकटातली तपासणी: जुने ब्लँक एकावर एक ठेवा

गेल्या पंधरा दिवसांतले सगळे ब्लँक स्क्रीनवर एकावर एक टाका. स्केल नमुन्याचा ठेवू नका, ब्लँकचा ठेवा. पीक हळूहळू वाढत आलाय, की एका दिवशी अचानक उगवलाय? अचानक उगवला असेल तर त्या दिवसाची नोंदवही उघडा: कोणती नवी बाटली फुटली, व्हायलचा नवा खोका उघडला का, पाण्याच्या यंत्राचं काडतूस बदललं का. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या आहेत, मशीनला हात न लावता.

याच वेळी ५७० आणि ४४० या दोन्ही वाहिन्या एकत्र बघा. खरं अमिनो आम्ल दोन्हींत ठरावीक प्रमाणात दिसतं. स्टँडर्डमधल्या (माहीत प्रमाणाच्या द्रावणातल्या) त्याच पीकचं प्रमाण काढून ताडून बघा. दोन्ही वाहिन्यांत सारखाच उभा, सुईसारखा काटा दिसला तर तो बहुतेक हवेचा बुडबुडा असतो. त्याला अशुद्धी समजून दोन दिवस घालवलेली लॅब मी पाहिली आहे.

एका रात्रीचा सीक्वेन्स

संध्याकाळी हा क्रम लावून घरी जा.

शून्य इंजेक्शन: सुई हलत नाही, फक्त ग्रेडियंट चालतो. मग पुन्हा शून्य इंजेक्शन, पण स्थिरावण्याची वेळ दुप्पट. मग डायल्युएंट २० मायक्रोलिटर, मग तेच ४० मायक्रोलिटर. मग नमुना. लगेच ओळीनं तीन ब्लँक. शेवटी तीच नमुन्याची व्हायल पुन्हा.

सकाळी उत्तर जवळपास समोर असतं. शून्य इंजेक्शनमध्येच अमोनिया आला आणि वेळ दुप्पट केल्यावर दुप्पट झाला, तर व्हायली, सुई, डायल्युएंट सगळे निर्दोष. सरळ बफरकडे जा. शून्य इंजेक्शन कोरं आणि डायल्युएंटच्या ४० मायक्रोलिटरमध्ये २० च्या दुप्पट आला, तर डायल्युएंट किंवा व्हायल. नमुन्यानंतरच्या तीन ब्लँकमध्ये पीक पायरीपायरीनं उतरत गेला, तर मागे राहणं.

एक बारीक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. सीक्वेन्समधल्या पहिल्या रनला अमोनिया नेहमी जास्त येतो, कारण तुम्ही व्हायली लावेपर्यंत पंप बफर ढकलतच असतो आणि कॉलम साठवतच असतो. पहिला रन हिशेबात धरू नका. दोन रनमधली वेळही सगळीकडे एकसारखी ठेवा. ती बदलती राहिली तर वजा करायला स्थिर ब्लँकच मिळत नाही.

हात, हातमोजे, सेप्टम

सेरीन आणि ग्लायसीन एकत्र दिसले, कधी आहेत कधी नाहीत असं झालं, की मी आधी माणसांकडे बघतो. घामात सेरीन भरपूर असतं, त्यामागोमाग ग्लायसीन, ॲलनीन. निनहायड्रिन त्वचेला जांभळं करतं हे रसायनशास्त्रज्ञ रूहेमान यांना १९१० मध्येच दिसलं होतं, आणि १९५४ पासून कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला तेच रसायन वापरतात. आपल्या यंत्रात तीच अभिक्रिया, फक्त कितीतरी जास्त संवेदनशील. बोटाचा ठसा त्याला दिसणारच.

हातमोजे घातलेत म्हणून बोट स्वच्छ असतं असं नाही. हातमोजा घालून मोबाइल उचलला, दाराची मूठ धरली, चष्मा वर केला, की त्यावर घाम आलाच. सर्वांत घातक जागा म्हणजे सेप्टम, व्हायलच्या झाकणातली चकती. झाकण बसवताना ते अंगठ्यानं दाबायची सवय अनेकांना असते, आणि सुई नेमकी तिथूनच आत जाते.

एक प्रयोग करून ठेवा. एका सेप्टमच्या आतल्या बाजूला उघड्या अंगठ्यानं मुद्दाम स्पर्श करा, झाकण लावून व्हायल उलटीपालटी हलवा आणि ते डायल्युएंट टाका. जो क्रोमॅटोग्राम मिळेल तो तुमच्या लॅबचा ‘बोटाचा नमुना’ म्हणून जपून ठेवा. पुढच्या वेळी संशयित ब्लँक त्यावर ठेवायचा: पीकची जात आणि एकमेकांशी प्रमाण जुळलं की वाद संपला. आमच्याकडे हा एक क्रोमॅटोग्राम कित्येक बैठकांतल्या चर्चेपेक्षा उपयोगी पडला आहे, कारण तो दाखवला की कुणावर बोट ठेवावं लागत नाही. सगळे आपापलं झाकण कडेनं धरू लागतात.

हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचेच घ्या. लॅटेक्समध्ये प्रथिनं असतात. प्रत्येक मांडणीसाठी नवी जोडी.

पाणी आणि डायल्युएंट

पाण्याच्या यंत्रावर १८.२ मेगओहम दिसलं म्हणजे पाणी या कामाला योग्य, असं धरू नका. तो आकडा आयनांचा आहे. यंत्रात वाढलेल्या जिवाणूंच्या पडद्यातून सुटणारी सेंद्रिय द्रव्यं त्यात नीट दिसत नाहीत. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बनचा आकडा बघा. त्याहून महत्त्वाचं, पाणी त्याच क्षणी घ्या. सकाळी कॅनमध्ये भरून ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत खोलीतला अमोनिया ओढून घेतं. पहिलं अर्धा-एक लिटर सोडून द्या आणि मग काचेत भरा.

डायल्युएंट आम्लधर्मी असतो, म्हणून तो हवेतल्या अमोनियासाठी सापळाच ठरतो. उघड्या बीकरमधला हायड्रोक्लोरिक आम्लाचा सौम्य द्रावक एका तासात बदलतो. नवा बनवा, लहान बाटल्यांत भरा, उरलेला परत ओतू नका. खर्च जवळपास शून्य आणि निकाल त्याच दिवशी.

खोलीतली हवा

इथे मी जरा थांबतो, कारण आमचा सर्वांत चिवट प्रसंग हवेचाच होता.

अमोनियाचा पीक मंगळवारी आणि शुक्रवारी वाढायचा. बफर बदलले, फिल्टर बदलला, कॉलमही बदलून झाला. तीन आठवडे गेले. शेवटी एका ट्रेनी मुलीच्या लक्षात आलं, की बॉयलरच्या पाण्याचा कठीणपणा याच दोन वारांना तपासतात. ते ईडीटीएचं टायट्रेशन असतं आणि त्यासाठी लागणारा पीएच १० चा बफर हा अमोनियाचाच. ते टेबल भिंतीपलीकडे होतं, पण दोन्ही खोल्यांची एसीची वाट एकच. टायट्रेशन फ्यूमहूडमध्ये नेलं आणि पीक बसला. त्या मुलीचं नाव अहवालात पहिलं लिहायला मी सांगितलं होतं.

म्हणून यादी करा: अमोनियाची बाटली कुठे उघडते? काचा पुसायच्या द्रवात अमोनिया आहे का? स्वच्छतागृहाची हवा कुठे जाते? जवळ कुणी धूम्रपान करतं का? सिगरेटच्या धुरातही अमोनिया असतो. तपासायला यंत्र लागत नाही. एका स्वच्छ उथळ काचेत डायल्युएंट तासभर उघडा ठेवा, बंद बाटलीतल्या डायल्युएंटशेजारी तो चालवा, फरक दिसतो. पावसाळ्यात खिडक्या बंद आणि आतली हवा फिरती, तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे जास्त येतो.

बफर

शून्य इंजेक्शननं बफरकडे बोट दाखवलं असेल तर आधी वय बघा. सायट्रेट हे बुरशीचं आवडतं खाणं. फिनॉल किंवा कॅप्रिलिक आम्ल घातलेलं असलं तरी बाटलीच्या तळाशी, नळीच्या टोकाच्या गाळणीवर चिकट थर धरतो. गाळणी बोटांत धरून बघू नका, चिमट्यानं उचला. बुळबुळीत वाटली तर बफर फेका, बाटली धुवा, गाळणी बदला. जुन्या बफरवर नवा ओतून बाटली भरणं ही सर्वांत महागडी काटकसर आहे: जुन्यातलं सगळं नव्यात जातं आणि बॅच क्रमांकाचा माग तुटतो.

त्यानंतर अमोनिया गाळणारा छोटा कॉलम, जो पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये असतो. तो अमोनिया नष्ट करत नाही, फक्त अडवून उशिरा सोडतो, म्हणजे तो आपल्या पीकांच्या मधे येत नाही. त्याची भरण्याची एक क्षमता आहे. पुनरुज्जीवन केलं नाही तर एक दिवस तो जितकं येतं तितकं पुढे ढकलू लागतो. पूर्वी टोकदार किंवा नगण्य असलेला अमोनिया पसरट होऊन वर यायला लागला, तर माझा पहिला संशय यावर असतो. निर्मात्याच्या पुस्तिकेतल्या पद्धतीनं क्षारीय द्रावणानं धुवा. फरक पडला नाही तर बदला.

मागे राहणं

मागच्या नमुन्याचा एक हजारांश भाग जरी सुईला चिकटून राहिला, तरी तो पुढच्यात ०.१ टक्का अशुद्धी म्हणून उभा राहतो. ०.२ टक्के मर्यादा असलेल्या चाचणीत तो अर्धा रस्ता झाला.

सगळी अमिनो आम्लं सारखी धुतली जात नाहीत. आर्जिनीन, लायसीन यांसारखी क्षारधर्मी पृष्ठभागांना चिकटतात. सिस्टीन या, डायसल्फाइड बंधानं जोडलेल्या अमिनो आम्लाची पाण्यातली विद्राव्यता २५ अंशांना लिटरला साधारण ०.११ ग्रॅम, टायरोसीनची ०.४५ ग्रॅमच्या आसपास. आम्लात विरघळवलेला असा नमुना सुईवरून साध्या पाण्यानं धुतला, तर तो धुऊन जाण्याऐवजी तिथेच स्फटिक होऊन बसू शकतो. अशा वेळी धुण्याचं द्रावण सौम्य आम्लाचं करा, पण क्लोराइड तुमच्या यंत्राच्या पोलादाला चालतं का ते आधी पुस्तिकेत बघा.

स्वस्तापासून महागाकडे क्रम असा: धुण्याची संख्या वाढवा; सीक्वेन्समध्ये नमुन्यानंतर ब्लँक घाला; सुई बाहेरून तपासा आणि बदला; मग इंजेक्शन पोर्टची सील. व्हॉल्व्हची रोटर सील शेवटी. तिच्यावर ओरखडे असले तर कितीही धुवा, पीक पायरीपायरीनंच उतरेल.

नमुना स्वतःच बदलत असेल तर

ग्लुटामीनच्या बॅचवर अमोनिया वाढता दिसला, तर यंत्राला दोष देऊ नका. पाण्यातल्या द्रावणात ग्लुटामीन वळसा घेऊन पायरोग्लुटामिक आम्ल होतं आणि अमोनिया सोडतं. पायरोग्लुटामिक आम्लात मोकळा अमिनो गट नसल्यानं निनहायड्रिनला ते दिसतच नाही. दिसतो तो फक्त अमोनिया. मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट असलेलं सिस्टेइन हवेनं ऑक्सिडाइझ होऊन डायसल्फाइड बंधाचं सिस्टीन बनतं. उपाय सोपा आहे: द्रावण बनवून लगेच टाका, ट्रे थंड ठेवा आणि तीच व्हायल शून्य, दोन आणि चार तासांनी चालवून वाढीची रेषा काढा. रेषा शून्य तासाकडे नेली की मूळ मालात किती होतं याचा अंदाज येतो. तो फक्त समजण्यासाठी. अहवालात मंजूर पद्धतीचाच आकडा जातो.

पीक खुजे होत असतील तर

ते निनहायड्रिनचं दुखणं. अभिकर्मकात हायड्रिनडँटिन हे क्षपित रूप लागतं आणि ऑक्सिजन ते खातो. नायट्रोजनचा दाब, बाटलीचं झाकण, नळीतली गळती बघा आणि नवा अभिकर्मक लावून स्टँडर्ड चालवा. याला ब्लँकमधल्या पीकांशी जोडू नका.

बंद करताना आधी निनहायड्रिनचा पंप थांबवा, बफर चालू ठेवून रिॲक्टर धुवा. उलट झालं, म्हणजे बफर थांबला आणि निनहायड्रिन चालू राहिलं, तर ते मागे कॉलममध्ये शिरतं आणि कॉलम जातो. गरम नळीत हायड्रिनडँटिनचा गाळ बसला तर दाब चढतो.

इथे थांबा

रिॲक्टरचा दाब चढत असेल तर नळी सोडून बघायचा मोह टाळा. आत शंभर अंशांच्या वर तापलेलं द्रव दाबाखाली असतं. पंप बंद, हीटर बंद, आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. दिव्याची ऊर्जा, डिटेक्टरची पेटी, व्हॉल्व्ह उघडणं हेही त्याचंच काम. रोटर सील बदलायचं रीतसर प्रशिक्षण नसेल तर तीसुद्धा. वरच्या तपासण्यांत एकूण दोन दिवस गेले आणि पीक कशाबरोबर वाढतो हे ठरत नसेल, तर तिसरा दिवस घालवू नका.

दुसरी थांबायची जागा क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) आहे. बॅचचा निकाल मर्यादेबाहेर आल्यावर शोध सुरू केला असेल, तर तो निकाल रद्द करायचा अधिकार आपल्याला नाही. चौकशीची नोंद उघडा, व्हायल आणि मूळ द्रावण फेकू नका, मनानं पुन्हा इंजेक्शन देऊ नका.

आणि तिसरी: शून्य इंजेक्शन कोरं, डायल्युएंट कोरा, नमुन्यानंतरचे ब्लँक कोरे, तरी नमुन्यात अनोळखी पीक ठाम उभा. मग तो यंत्राचा नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्यांत इओसिनोफिलिया-मायाल्जियाची साथ आली, दीड हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. संशयित मालाची शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर होती. ज्यांच्यावर बोट ठेवलं गेलं त्यांतलं एक द्रव्य म्हणजे ॲसिटाल्डिहाइडनं जोडलेले ट्रिप्टोफॅनचे दोन रेणू, क्रोमॅटोग्रामवर एक छोटा पीक. असा पीक दिसला तर आपलं काम ब्लँक स्वच्छ असल्याचा पुरावा जोडून नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांकडे देण्यापर्यंतच आहे.

इंजिनिअर येण्याआधी हे तयार ठेवा: त्या एका रात्रीच्या सीक्वेन्सचे सगळे क्रोमॅटोग्राम, पंपांच्या दाबाची महिनाभराची नोंद, बफर आणि निनहायड्रिनचे बॅच क्रमांक उघडल्याच्या तारखांसह, आणि शेवटचा निर्दोष ब्लँक. हे टेबलावर असलं की तो थेट चुकीच्या भागापाशी जातो आणि दुसऱ्या फेरीचं बिल वाचतं.